नोकरी नसताना सापडलेला विश्वास नोकरी लागल्यावर टिकतो का?

चिंचवडचा_नगरी

सर्वांना सलाम.

मी जन्माने ख्रिस्ती. घर नगर जिल्ह्यातलं, त्यामुळे शब्बाथशाळा (रविवारची बायबलची शाळा), नाताळात रात्रभर घरोघरी फिरून गाणं, हार्वेस्टच्या सणाला चर्चच्या अंगणातला लिलाव, हे सगळं लहानपणी भरपूर झालं. पुढे डिप्लोमा, चाकणला नोकरी, तीन शिफ्ट, ओव्हरटाइम. देव आहे की नाही हा प्रश्न कधी पडलाच नाही, तेवढी उसंतच नव्हती. मग कंपनीतली एक लाइन बंद झाली आणि क्वालिटीतल्या आम्हा बऱ्याच जणांना घरी बसावं लागलं.

मुलीला शाळेत सोडायला जाताना डांगे चौकातला मजूर अड्डा लागतो. हल्ली तिथे थांबतो. सकाळी कुणाच्या हातात थापी, कुणाच्या घमेल्यात फडक्यात बांधलेला डबा. टेम्पो थांबला की सात-आठ जण धावतात, दोघं चढतात, बाकीचे परत फुटपाथवर. अकराच्या सुमारास जे उरतात ते डबा तिथेच उघडून खातात. एकाला विचारलं, घरी जाऊन का नाही जेवत? म्हणाला, भरलेला डबा परत नेला की बायकोला न सांगताच कळतं.

त्याच आठवड्यात वडिलांचं जुनं पवित्र शास्त्र काढलं आणि त्यातलं मत्तयाचं शुभवर्तमान वाचायला घेतलं. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे मजूर ठरवायला बाजारात जातो, मग नवाला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पुन्हा जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे, असं तो विचारतो. ते म्हणतात, कुणी कामावर लावलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाचा दिनार देतो. ही गोष्ट शब्बाथशाळेत पाठ होती. तेव्हा मी स्वतःला पहाटेपासून राबणाऱ्यांत धरायचो. आता वाचताना शेवटच्या घोळक्यात होतो, आणि मालक पाचव्यांदा बाजारात आला याने अक्षरशः रडू आलं.

तेव्हापासून रोज वाचतोय, रविवारी उपासनेला जातोय, मनापासून जातोय. नोकरी अजून नाही. आता प्रश्न. ज्यांना नोकरी नसताना असा विश्वास सापडला, त्यांचा पुढे नोकरी लागल्यावर टिकला का? आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक खांद्यावर हात ठेवून "देवाची तुझ्यासाठी योजना आहे" म्हणतात, त्याचं काय करायचं? हप्ता थकलेला असताना मला ते ऐकवत नाही.

वसईची_लेक

दादा, खूप मनापासून लिहिलंय. आम्ही कॅथलिक, पण ही गोष्ट आमच्याही फादरांची आवडती. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं साधं मत: ते वाक्य म्हणणाऱ्याला विचारायचं, "योजना आहे ना, मग त्या योजनेत तुम्ही काय करणार आहात?"

आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक घरी येतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही सुरू केली. नियम एकच, गरजू माणसाच्या घरी स्वतः जायचं. माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा दोघं जण आले. त्यांनी योजनेबद्दल चकार शब्द काढला नाही. किराणा ठेवला, चहा प्यायले, आणि मुलाची फी भरायची शेवटची तारीख विचारून गेले.

तर्कसंगत

धागाकर्त्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माणूस खचलेला असतो तेव्हा त्याला आधार हवा असतो, आणि जो आधार आधी हाताला लागतो तो खरा वाटतो. तुमच्या हाताला बायबल लागलं कारण ते घरात होतं. घरात ज्ञानेश्वरी असती तर ती लागली असती. अशा अवस्थेत घेतलेले मोठे निर्णय मला धोक्याचे वाटतात. नोकरी लागू द्या, चार महिने झोप नीट होऊ द्या, आणि मग पुन्हा तपासा.

इग्नेशियन_नाशिक

@तर्कसंगत, तुमचं अर्धं म्हणणं खुद्द जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनीच सांगून ठेवलंय. मन उजाड असताना आधीचे निर्णय बदलू नका, हा त्यांच्या साधनेतला पक्का नियम आहे. पण त्यांचंच आयुष्य पाहा. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. सैनिकाचा पेशा, दरबारी मानमरातब, सगळं थांबलं. लोयोलाला घरी पडून होते. वाचायला वीरकथा मागितल्या, तर घरात ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. म्हणजे त्यांच्याही हाताला घरात होतं तेच लागलं.

पण त्यांनी तपासलं, आणि बरं होण्याची वाट पाहत बसले नाहीत. पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, नंतर कोरडं. संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही आनंद टिकून राहायचा. हा फरक ते अंथरुणावर पडल्या पडल्या टिपत गेले, आणि जेज्विट संघाची सगळी साधना त्या टिपण्यातून निघाली. धागाकर्त्यांनीही हेच करावं. वाचून उठल्यावर दोन तासांनी मन कसं आहे? मुलीवर चिडचिड कमी झाली का? समोरच्या माणसाकडे लक्ष जातं का? यासाठी नोकरी लागायची गरज नाही.

तर्कसंगत

हे पटण्यासारखं आहे. निकष हाताशी असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो.

पाळक_सोलापूर

सलाम. "देवाची योजना" हे वाक्य बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातून (२९:११) येतं आणि बहुतेक वेळा एकटंच उचललं जातं. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने ते लिहिलं. त्या वेळी खोटे संदेष्टे सांगत फिरत होते की लवकरच घरी जाल. यिर्मया म्हणतो, नाही, सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. अकरावं वचन या सगळ्यानंतर येतं. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत जाणारच नव्हते, सत्तर वर्षं कोण जगतो! म्हणून हे वचन सांगायचं असेल तर पाचव्या वचनापासून सांगावं, आणि सांगणाऱ्याने मळा लावायला सोबत यावं.

माझ्याकडे नोकरी गेलेले लोक येतात तेव्हा मी आधी एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढतो. १ राजे १९. रतामाच्या झुडपाखाली पडून तो म्हणतो, पुरे झालं, आता मरण दे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, पुढची वाट लांबची आहे म्हणतो. आमच्या महिला मंडळाला हा अध्याय माझ्यापेक्षा चांगला कळतो.

माऊली_आळंदीकर

मी वारकरी, पण धागा आवडला म्हणून लिहितो. आमच्या तुकोबांचंही काय झालं? दुष्काळ, दुकान बुडालं, बायको अन्नावाचून गेली, घर बसलं. मग भंडारा डोंगर आणि विठ्ठल. कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला म्हणतात. तेव्हा रिकामं झालेलं माणूस देवाकडे जातं, यात तर्कसंगतरावांना वाटतो तेवढा धोका मला दिसत नाही. भरलेल्या माणसाला कुठे सवड असते.

चिंचवडचा_नगरी

माऊली, नमस्कार. आमच्या नारायण वामन टिळकांनी तर म्हणून ठेवलंय की तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो. त्यांची भजनं आम्ही रविवारी गातो, टाळ-पेटीवर, अभंगाच्याच चालीत. तुम्ही कधी आलात तर परकं वाटणार नाही.

खडकीची_ज्योती

मी जरा वेगळं लिहिणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि त्यांना विश्वास सापडला. मला आनंद झाला, देवाशप्पथ झाला. दारूकडे गेले नाहीत, हे मी रोज देवाचं उपकार मानते. पण सकाळी वचन, दुपारी फोनवर प्रार्थना, संध्याकाळी घरसभा, बुधवारी उपास. अर्ज कधी करणार? विचारलं की म्हणतात, प्रभू दार उघडेल. दार उघडेल हो, पण बेल तरी वाजवा! मी सकाळी शाळेत शिकवते, संध्याकाळी शिकवण्या घेते, पीएफ संपत आलाय.

चिंचवडच्या दादांनी सांगितलेल्या गोष्टीत एक बघा. ते शेवटचे मजूर दिवस मावळेपर्यंत बाजारात उभे होते. घरी जाऊन झोपले नव्हते. मालकाला ते सापडले कारण ते तिथे होते.

वसईची_लेक

ज्योतीताई, हे मी लिहून ठेवतेय. फादरांना रविवारी सांगणार.

दापोडी_वर्कशॉप

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहिलंच आहे की काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. ज्योतीताईंनी हे वचन फ्रिजवर चिकटवावं 😀

पाळक_सोलापूर

दापोडीकर, ते वचन फ्रिजवर लावण्याआधी नीट वाचा. ज्याची काम करायची इच्छाच नाही त्याच्याबद्दल आहे ते. ज्याला काम मिळत नाही त्याच्या तोंडावर ते फेकलेलं मी पाहिलंय आणि फार वाईट वाटलंय. पौल स्वतः करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवायचं काम करायचा. त्याला कष्टाची किंमत माहीत होती.

ज्योतीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तुमच्या पाळकांना सांगा की दुपारची फोनवरची प्रार्थना बंद करून ती वेळ अर्ज करायला द्या, असं त्यांनी तुमच्या नवऱ्याला सांगावं. पाळकाने सांगितलेलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

मस्कत_दुबई_मालवण

मी दुबईत असताना काम सुटलं. तिथे नोकरी गेली की व्हिसाची मुदत सुरू होते, त्यामुळे भारतातल्यासारखं घरी बसून विचार करायचीही सोय नाही. मी हिंदू घरातला, देवधर्माशी संबंध गणपतीपुरता. खोलीतला गोव्याचा मित्र शुक्रवारी संत मेरी चर्चला जायचा. तेव्हा सुट्टी शुक्रवारची होती, २०२२ पासून तिकडे शनिवार-रविवार झाली. एकदा त्याच्यासोबत गेलो, खरं म्हणजे खोलीत एकटं बसवत नव्हतं म्हणून. अंगणात फिलिपिनो, केरळी, गोवेकर, आफ्रिकन, सगळे. बाहेर पडताना एका अनोळखी मल्याळी बाईने विचारलं, जेवलात का? मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा हातात दिला.

माझा विश्वास तिथून सुरू झाला. पुस्तकं नंतर वाचली, प्रश्न नंतर विचारले, आणि बाप्तिस्मा त्याच्याही बऱ्याच नंतर, मालवणात परत येऊन, आईशी पुष्कळ बोलून घेतला. आईने अजून पूर्ण मान्य केलेलं नाही, पण नाताळात करंज्या करून देते.

सडेतोड_सातारा

म्हणजे जेवण देऊन धर्म बदलला. हेच तर लोक म्हणतात ना? माणूस अडचणीत असतो तेव्हाच हे लोक पोचतात.

मस्कत_दुबई_मालवण

नाही साहेब. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही. ती पुन्हा भेटली नाही. माझ्याकडून काही हवं असतं तर निदान नंबर तरी घेतला असता.

सडेतोड_सातारा

तुमच्या एकट्याचं ठीक असेल. पण नोकरी देतो, पैसे देतो म्हणून

संपादक मंडळ

सडेतोड यांच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. धर्मांतराच्या कायद्यावर वेगळा धागा आहे, तिथे लिहावं. इथे धागाकर्त्याच्या प्रश्नावर बोलावं.

जालना_एक्सप्रेस

संपादकांनी धागा वळवला तरी थोडं लिहितो, कारण तो मुद्दा माझ्या घरातला आहे. ख्रिस्ती झाल्याने आमच्या लोकांना नोकऱ्या मिळाल्या असं ज्यांना वाटतं त्यांनी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश वाचावा. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना आजही नाही. महाराष्ट्रात आम्ही ओबीसीत मोडतो. माझे पणजोबा मांग समाजातून ख्रिस्ती झाले. गावात घर त्याच गल्लीत राहिलं, वागणूक तीच राहिली, सवलत मात्र गेली. माझ्या बरोबरीच्या चुलत भावाकडे जो दाखला आहे तो माझ्याकडे नाही. तेव्हा पोटासाठी ख्रिस्ती, हे आम्हाला सांगू नका.

आता धाग्याबद्दल. तुम्ही सगळे नोकरी गेल्याबद्दल लिहिताय. मला अजून लागलेलीच नाही. एमपीएससीची तयारी, मधूनमधून कंत्राटी डेटा एंट्री, पुन्हा तयारी. आमच्याकडे बेकारी हा काही मधला टप्पा नसतो की तो संपल्यावर विश्वास टिकतो का ते बघू. गावात गेलं की पहिला प्रश्न, काय करतोस सध्या? मी चर्चला जाणं बंद केलं होतं ते याच प्रश्नामुळे. उपासना संपली की पायरीवरच गाठतात.

स्तोत्र १३ मध्ये दावीद चार वेळा विचारतो, किती काळ? मी फक्त ते वाचतो. पुढचं वाचवत नाही. त्याला विश्वास म्हणतात की नाही ते जाणकारांनी सांगावं.

पाळक_सोलापूर

म्हणतात. मंडळीने शतकानुशतकं ते स्तोत्र उपासनेतून काढलेलं नाही, ते तुझ्यासारख्यांसाठीच. देवालाच विचारतोयस ना? मग तू त्याच्याशी बोलतोयस.

आणि पायरीवर गाठणाऱ्यांबद्दल. पुढच्या रविवारी मी माझ्या मंडळीला सांगणार आहे की उपासनेनंतर कुणाला "काय करतोस" विचारायचं नाही, "कसा आहेस" विचारायचं.

वसईची_लेक

जालन्याच्या भाऊ, तुमचं वाचून गलबलून आलं. जाता जाता, जालन्याजवळचं बेथेल तुम्हाला माहीतच असेल. नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं. लोकांना आधी राहायला जागा आणि हाताला काम, असा विचार होता त्यांचा.

जालना_एक्सप्रेस

माहीत आहे ताई. आजीचं माहेर त्याच बाजूचं.

केडगाव_फास्ट_पॅसेंजर

बेथेलवरून केडगावची आठवण झाली, थोडं अवांतर चालेल ना? पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ च्या सुमारास उपासमारीने गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ अनवाणी देशभर हिंडले. भूक काय असते हे त्यांना सांगायची गरज नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होतीच, पण शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथल्या बायकांनी स्वतःच्या हातांनी जुळवलं आणि छापलं. ज्यांना गावाने टाकून दिलं होतं त्या बायका अक्षरं जुळवत होत्या! मी केडगावला गेलो की त्या छापखान्याचा विचार मनातून जात नाही. विश्वास आणि काम त्यांनी वेगळं ठेवलंच नाही.

पिंपळे_गुरव_सिस्टर

मला एक सावधगिरीची सूचना करायची आहे. बेकारीत माणूस कुठल्याही दारात जातो आणि सगळी दारं चांगली नसतात. माझ्या धाकट्या बहिणीची आयटीतली नोकरी गेली. एका मोठ्या सभेत तिला सांगितलं गेलं की शेवटचे पैसे "बीज" म्हणून पेर, शंभरपट येतील. तिने पेरले. आलं काहीच नाही. मग सांगितलं, तुझा विश्वास कमी पडला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या एका वाक्याने ती सहा महिने बोलेनाशी झाली.

मी नर्स आहे. ज्या औषधाने बरं वाटलं नाही तर रोग्यालाच दोष दिला जातो, ते औषध मी कुणाला देणार नाही. नोकरीची हमी देणारा उपदेशक दिसला की उठून यायचं. येशूने शिष्यांना भाकरीसाठी प्रार्थना शिकवली ती रोजच्या भाकरीची. शंभरपटीची हमी त्यात कुठे आहे?

खडकीची_ज्योती

सिस्टर, बहीण आता कशी आहे?

पिंपळे_गुरव_सिस्टर

बरी आहे. लहान कंपनीत लागली. चर्चला येत नाही, पण माझ्याकडे येते आणि जेवताना प्रार्थना मलाच करायला लावते.

भायखळा_१९८२

मी या धाग्यावर बहुधा सगळ्यात म्हातारा. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही म्हणून लिहितो. टिकतो का?

मी मुंबईत कापडाच्या मिलमध्ये साचेखात्यात होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर आमचा जीव. चार-सहा महिन्यांत मिटेल असं वाटत होतं. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आधी घड्याळ गेलं, मग बायकोच्या पाटल्या, मग अर्धं कुटुंब गावी. लालबाग-परळची पोरं त्या काळात कुठे कुठे गेली ते सगळ्यांना माहीत आहे.

मी नावाचा ख्रिस्ती होतो. भायखळ्याच्या मराठी मंडळीत जायला लागलो तो मित्रामुळे. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा देवाशी भांडायलाच गेलो होतो. तिथल्या पाळकसाहेबांनी दोन महिने माझं भांडण ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाले, तुम्हाला शनिवारी वेळ आहे ना? जे. जे. हॉस्पिटलात आपल्या गावाकडचे पेशंट येतात, त्यांना मुंबई कळत नाही. केसपेपर कुठे काढायचा, एक्सरे कुठे, रक्त कुठे, हे दाखवायला माणूस लागतो. मी म्हटलं, मला कुठे कळतं? म्हणाले, शिका.

शिकलो. बीडचा एक म्हातारा आठवतो, बायकोला घेऊन आलेला, कागद उलटे धरून रांगेत उभा. त्याची रांग बदलून दिली, तिची तपासणी होईस्तोवर थांबलो. जाताना त्याने विचारलं, तुम्ही इथे नोकरीला का? मी नाही म्हटलं. मग कशाला करता? मला उत्तर सुचलं नाही. पण मिल बंद झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला पोटभर झोप लागली.

पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. आता ऐका, धागाकर्ते. नोकरी लागल्यावर पहिलं वर्ष कोरडं गेलं. रोजचं वाचन सुटलं, प्रार्थना घाईत. संपाच्या काळात देव जेवढा जवळ वाटायचा तेवढा वाटेना. तुम्हालाही असं होईल, घाबरू नका. पण शनिवारचं जे. जे. मी सोडलं नाही. ते काम काही बेकार होतो म्हणून मिळालेलं नव्हतं, मग नोकरी लागली म्हणून का सोडायचं? वाचन-प्रार्थना त्या शनिवाराच्या आधाराने परत आली. आता गुडघे चालत नाहीत, तर नातू घेऊन जातो.

तेव्हा माझं उत्तर: नुसती भावना असेल तर पगाराबरोबर ओसरते. कुणाची तरी जबाबदारी घेतली असेल तर टिकतो. चांगली नोकरी लागेपर्यंत ती घ्यायला थांबू नका. द्राक्षमळ्याच्या मालकाने त्यांना तासभर उरला असतानाही मळ्यातच पाठवलं, उद्या पहाटे या असं म्हणाला नाही.

तर्कसंगत

काका, मी देव मानत नाही, पण तुमचा प्रतिसाद मी माझ्या मुलाला वाचून दाखवला.

इग्नेशियन_नाशिक

काकांनंतर थोडंच जोडतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये श्रमावर एक विश्वपत्र लिहिलं. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा. ते स्वतः तरुणपणी जर्मन ताब्यातल्या पोलंडमध्ये दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबले होते. बेकारी हे संकट आहे आणि समाजाने त्यावर उपाय केलाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे बेकाराने आध्यात्मिक समाधान मानून गप्प बसावं, असं चर्चचं म्हणणं नाही. हेही धाग्यावर नोंदलेलं असावं.

चिंचवडचा_नगरी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. पाळकसाहेब, यिर्मयाचं पाचवं वचन डायरीत उतरवून घेतलंय.

ज्योतीताई, तुमच्या बोलण्याने मी दुसऱ्या दिवशी सकाळी भोसरीच्या दोन छोट्या शॉपमध्ये स्वतः जाऊन बायोडाटा दिला. एकाला गेज कॅलिब्रेशनसाठी आठवड्यातून दोन दिवस माणूस हवा आहे. पगार किरकोळ, पण काम माझंच आहे. हो म्हटलंय.

आणि आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, मला काही काम आहे का मंडळीत? म्हणाले, तरुण संघातल्या पाच-सहा मुलांना मशिन ड्रॉइंग कळत नाही, आयटीआयची परीक्षा तोंडावर आहे. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बसतो. फळा नाही, नोटिस बोर्डाच्या मागच्या बाजूवर खडूने काढतो. पहिल्या दिवशी एक पोरगा सेक्शनल व्ह्यू समजल्यावर मोठ्याने हसला. मुलगी घरी विचारते, बाबा, आज तुमची शाळा आहे का?

योजनेचं वाक्य अजून ऐकवत नाही. पण आता कुणी म्हटलं की रागावत नाही, हॉलमध्ये दोन खुर्च्या कमी आहेत म्हणून सांगतो.

दापोडी_वर्कशॉप

खुर्च्या माझ्याकडे आहेत. चार. आमच्या वर्कशॉपच्या माळ्यावर पडून आहेत, शुक्रवारी टेम्पोत टाकून आणतो. आणि पाळक_सोलापूर, फ्रिजवरच्या वचनाबद्दल तुमचं बोलणं लक्षात ठेवतो.

खडकीची_ज्योती

यांना धागा वाचायला दिला. काकांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ससूनला पण असे लोक लागत असतील का? मी म्हटलं, लागत असतील, पण सकाळी अर्ज आणि दुपारी ससून. बघू. सोमवारपासून ठरलंय.

भायखळा_१९८२

ज्योती, त्यांना सांग की ओपीडीच्या वेळा आधी बघून घ्यायच्या आणि खिशात पेन ठेवायचं. पेन सगळे मागतात.

निवड_झाली_२०१९

मी बरेच दिवस फक्त वाचत होते. @जालना_एक्सप्रेस, मी एमपीएससीतून लागले, आता पुण्यात आहे. माझीही बरीच वर्षं गेली. तुझी मुख्य परीक्षेची उत्तरं कुणी तपासून देतं का? नसेल तर आठवड्याला दोन उत्तरं मला पाठव. मी कडक तपासते, आधीच सांगते.

जालना_एक्सप्रेस

ताई, कुणीच तपासत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. निबंध आधी पाठवू की सामान्य अध्ययन पेपर दोन? हस्ताक्षर खराब आहे, फोटो उजेडात काढून पाठवतो.

निवड_झाली_२०१९

पेपर दोन. रविवारी रात्रीपर्यंत पाठव, उपासनेला जाऊन आल्यावर.